नागपूर परिसरातले अल्पायुषी रेल्वे हॉल्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुही, उमरेड, भिवापूर, सावनेर या भागांतल्या लहान रेल्वे थांब्यांची माहिती मी गेली काही वर्षं गोळा करते आहे. माझं आजोळ कुही तालुक्यातलं, म्हणून ओढ तिकडची. जिथे गाडी काही वर्षंच थांबली आणि मग न थांबता जाऊ लागली, अशा हॉल्टांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. तेच प्रश्न गावोगावहून येत असल्यामुळे उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॉल्ट आणि स्टेशन यांत नेमका फरक काय?

स्टेशनवर मास्तर असतो. पुढच्या स्टेशनच्या मास्तरला विचारून, लाइन मोकळी असल्याची खात्री करून तो गाडी सोडतो. अशा स्टेशनला ब्लॉक स्टेशन म्हणतात. हॉल्ट हा अशा दोन स्टेशनांच्या मधला थांबा. तिथे गाडी सोडण्या-अडवण्याचा अधिकार कोणालाच नसतो, आणि बहुतेक हॉल्टांवर सिग्नल किंवा दुसरी लाइनही नसते. गाडी येते, मिनिटभर थांबते, गार्ड शिट्टी मारतो, गाडी निघते. रेल्वेच्या भाषेत हा 'डी क्लास'. त्यातही रेल्वेचा स्वतःचा माणूस नेमलेला असेल तर ते फ्लॅग स्टेशन, नसेल तर पॅसेंजर हॉल्ट. २०१७ पासूनच्या वर्गवारीत हॉल्टांसाठी 'एचजी' म्हणजे हॉल्ट ग्रेड असा वेगळा गट आहे.

इतिहास शोधणाऱ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, स्टेशनात गाड्यांचं रजिस्टर असतं, डायरी असते, मास्तरच्या बदल्यांचे कागद असतात. हॉल्टवर यातलं काहीच तयार होत नाही. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचं स्टेशन शोधणं सोपं जातं आणि वीस वर्षांपूर्वीचा हॉल्ट शोधताना दमछाक होते.

२. नागपूरच्या आसपास हॉल्ट कोणत्या मार्गांवर होते?

जवळजवळ सगळ्याच मार्गांवर. पण सगळ्यात जास्त आठवणी नॅरोगेजच्या निघतात.

भुसावळकडून येणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. पूर्वेकडे छत्तीसगडची लाइन आधी मीटरगेज होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. त्याच कंपनीने पुढे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेज लाइनी टाकल्या. नागपूर-नागभीड १९०८ साली सुरू झाली आणि नागपूर-छिंदवाडा १९१३ साली. एक कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड अशी दक्षिण-पूर्वेला जाणारी, दुसरी खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद अशी उत्तरेला.

नॅरोगेजवर हॉल्ट देणं सोपं होतं. गाडी हळू, डबे हलके, पायरी जमिनीच्या जवळ. मुरमाचा हातभर उंच ओटा केला, पाटी उभी केली की थांबा तयार. ब्रॉडगेजवर असं होत नाही; त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

३. हॉल्टवर मास्तर नव्हता, तर तिकीट कोण द्यायचं?

हॉल्ट एजंट. तो रेल्वेचा नोकर नसायचा, कमिशनवर काम करणारा गावातलाच माणूस असायचा. जवळच्या मोठ्या स्टेशनवरून तो तिकिटांचा गठ्ठा आणायचा, विकायचा आणि हिशेब देऊन पुन्हा नवा आणायचा. गाडीच्या वेळेला अर्धा-पाऊण तास खिडकीवर, बाकी दिवस आपल्या वावरात. काही ठिकाणी एजंटही नसायचा आणि तिकीट गार्डच द्यायचा.

४. हॉल्ट सुरू कशासाठी व्हायचे आणि इतक्या लवकर बंद का पडायचे?

सुरू होण्यामागे बहुतेक वेळा अर्ज असायचा. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची पद्धत, १९५१ मध्ये गेली. त्याआधी गावाच्या वतीने मालगुजार लिहायचा, नंतर सरपंच आणि आमदार-खासदार लिहू लागले. कारणं ठरलेली: आठवडी बाजार, खाणीवर जाणारे मजूर, शाळा-कॉलेजची मुलं, नागपूरच्या इतवारी स्टेशनला माल नेणारे. या पट्ट्यात कोळसा, मँगनीज, सागवान, भिवापूरची मिरची असा वाहून न्यायचा माल भरपूर होता, आणि मालामागे माणूस जातोच.

बंद पडण्याची कारणं मात्र गावात सांगतात त्यापेक्षा जास्त गुंतलेली आहेत. 'एसटी आली आणि गाडी गेली' हे बरंचसं खरं आहे. एसटी गावाच्या पारापर्यंत येते. हॉल्ट असतो वावरांच्या पलीकडे, अर्धा कोस पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीतली पांदण चालणाऱ्याची परीक्षा पाहते. दुसरं कारण वेळेचं. मिनिटभराच्या थांब्यासाठी गाडीला वेग कमी करून पुन्हा वाढवावा लागतो, त्यात तीन-चार मिनिटं सहज जातात. असे पाच-सहा थांबे झाले की पुढच्या स्टेशनवरचं क्रॉसिंग, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणं, बिघडतं. तिसरं, पुष्कळ थांबे मुळातच प्रायोगिक म्हणून, साधारण सहा महिन्यांसाठी दिले जातात. उत्पन्न दिसलं तर मुदत वाढते, नाही तर नाही. गावाला वाटतं 'आपला हॉल्ट बंद केला', आणि रेल्वेच्या कागदावर तो कायमचा कधी झालेलाच नसतो.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते मी आजोळी पाहिलं आहे. हॉल्टचं भवितव्य तिथे विकल्या गेलेल्या तिकिटांवर ठरतं. प्रवासी कमी झाले की एजंटचं कमिशन इतकं थोडं होतं की तो यायचा बंद होतो. खिडकी बंद असली तरी माणसं चढतातच. माझी मावशी वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन पहाटे हॉल्टवर जायची. खिडकीला कुलूप असायचं. ती गाडीत बसायची आणि पैसे इतवारीला उतरल्यावर भरायची. ते पैसे इतवारीच्या खात्यात जमा होत. महिनाअखेर आमच्या हॉल्टपुढे उत्पन्न जवळजवळ शून्य. टोपल्या घेऊन चढणाऱ्या बाया रोज होत्या, कागदावर मात्र एकही नव्हती. मग त्याच कागदाच्या आधाराने 'प्रवासी नाहीत' म्हणून थांबा काढला गेला. तुमच्या हॉल्टचा इतिहास लिहिताना 'प्रतिसाद नसल्याने बंद' हे शब्द उतरवून घेण्याआधी त्या काळात खिडकी उघडी असायची का, हे नक्की विचारा.

५. आमच्या गावाचं नाव जुन्या वेळापत्रकात सापडत नाही. म्हणजे हॉल्ट नव्हताच का?

तसं समजू नका. आधी नावाचे निरनिराळे अवतार शोधा. नागभीड हे गाव रेल्वेच्या लेखी 'नागभीर' आहे, कारण इंग्रजीत 'ड'च्या जागी 'आर' लिहिला गेला आणि तोच टिकला. अचलपूर जुन्या कागदांत 'एलिचपूर' म्हणून भेटतं. आपली कामठी इंग्रजीत 'कॅम्पटी' होते आणि सावनेरच्या स्पेलिंगमध्ये 'व' दिसतच नाही. लहान गावांच्या बाबतीत हा गोंधळ जास्त असतो. बुद्रुक, खुर्द, टोली, रिठी हे शेवटचे शब्द गळतात किंवा चुकीचे चिकटतात. कधी हॉल्टला शेजारच्या मोठ्या गावाचं नाव मिळालेलं असतं, कारण जमीन त्या गावच्या शिवारात होती. शिवाराची हद्द पाहायला गावनकाशा लागतो. महसुलाचे बाकीचे कागद प्रश्न ७ मध्ये.

६. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' का लावतात?

गाव लाइनपासून दूर असेल आणि स्टेशन त्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर असेल तर 'रोड' लावायची पद्धत आहे. भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, भंडारा तिथून लांब. पवनी रोड, तुमसर रोड, सेलू रोड तसेच. हॉल्टच्या शोधात याचा उपयोग असा की, तुमच्या गावाच्या नावाला 'रोड' लावूनही वेळापत्रक चाळा.

७. आबाजी सांगायचे की इथे गाडी थांबायची. हे खरं असल्याचा पुरावा कुठे शोधायचा?

सोप्यापासून सुरुवात करा.

पहिलं, वेळापत्रक. रेल्वेची छापील वेळापत्रकं जुन्या वाचनालयांत आणि रद्दीवाल्यांकडेही सापडतात. लोकांसाठीच्या वेळापत्रकात लहान थांबे कधी गाळलेले असतात. कर्मचाऱ्यांसाठीचं 'वर्किंग टाइम टेबल' मिळालं तर त्यात प्रत्येक थांबा अंतरासह असतो. एकाच वर्षाचं पाहून थांबू नका. ज्या वर्षी नाव पहिल्यांदा दिसतं आणि ज्या वर्षी शेवटचं दिसतं, त्या दोन वर्षांच्या अलीकडची-पलीकडची वर्षंही तपासा.

दुसरं, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट, म्हणजे भूभागाचे सविस्तर नकाशे. नागपूर शहर ५५ ओ/४ या शीटवर, उमरेड ५५ पी/५ वर, सावनेर ५५ के/१५ वर येतं. एक इंचाला एक मैल अशा जुन्या नकाशांवर लाइनीवरचे थांबे खूण करून दाखवलेले असतात. शीटच्या कडेला पाहणीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगवेगळं दिलेलं असतं. पुरावा म्हणून पाहणीचं वर्ष धरायचं, छपाईचं नाही.

तिसरं, जनगणनेची जिल्हा पुस्तिका. या जागेकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. तिच्या ग्रामसूचीत प्रत्येक गावासमोर शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी आणि दळणवळण असे रकाने असतात. दळणवळणाच्या रकान्यात 'बीएस' म्हणजे बस स्टॉप आणि 'आरएस' म्हणजे रेल्वे स्टेशन. एका जनगणनेत गावासमोर 'आरएस' असेल आणि दहा वर्षांनी फक्त 'बीएस' राहिलं असेल, तर कोणत्या दशकात शोधायचं ते तिथेच कळतं.

चौथं, महसुलाचे कागद. आपल्या विदर्भात जुन्या मध्य प्रांताची वेगळी कागदपत्रं आहेत: बंदोबस्ताची मिसल (जमीन मोजून सारा ठरवल्याचे कागद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या चालीरीतींची नोंद), निस्तारपत्रक (चराई-सरपणासारख्या गावहक्कांची नोंद), १९५४-५५चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद). हॉल्टचं नाव त्यांत क्वचितच येतं, पण लाइनीकडे जाणारी पांदण आणि रेल्वेकडे गेलेली जमीन यांची नोंद सापडू शकते. माणसं ज्या वाटेने गाडीला जायची ती वाट कागदावर मिळाली तर आबाजींच्या सांगण्याला मोठा आधार मिळतो.

पाचवं, वर्तमानपत्रं. नागपूरहून 'हितवाद' १९११ पासून निघतो, मराठी दैनिकांच्या जुन्या फायलीही आहेत. थांबा सुरू किंवा बंद होण्याची सूचना चार ओळींत कुठेतरी कोपऱ्यात असते. तारखेचा साधारण अंदाज नसताना फायली चाळायला बसू नका, महिने जातात. पहिल्या तीन गोष्टींतून वर्ष मिळालं की मगच तिकडे वळा.

सरकारी पत्रव्यवहारासाठी पुराभिलेख संचालनालयाची नागपूर शाखा आहे. माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो, शुल्क दहा रुपये. पण अर्ज योग्य विभागाकडे करा. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. नागभीड, छिंदवाडा आणि रामटेकच्या लाइनी दुसऱ्याकडे आहेत.

८. घरात जुनं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं. ते कोणत्या काळातलं आहे हे कसं ओळखायचं?

ते तिकीट आधी कागदात गुंडाळून ठेवा. लॅमिनेशन करू नका, त्याने शाई आणि पुठ्ठा दोन्ही खराब होतात.

माझ्याकडे आजीच्या सुपारीच्या डबीत निघालेलं एक तिकीट आहे. दोन बोटांएवढं, जाड, कडा मळून तपकिरी झालेल्या, एका बाजूला तिकीट तपासनिसाने पाडलेली खाच. तारीख शाईची नाही, दाबून उमटवलेली आहे. उजेडात तिरपं धरलं तरच दिसते, आणि वर्षाचे आकडे झिजून गेले आहेत. असं असलं तरी वय काढता येतं.

भाडं आण्यांत छापलेलं असेल तर तिकीट १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या छपाईचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. नुसतं 'पैसे' असेल तर त्यानंतरचं. तिसरा दर्जा लिहिला असेल तर १९७४ च्या आधीचं, कारण त्या वर्षी तो दर्जा संपला.

रेल्वेची आद्याक्षरं तर फारच कामाची. नागभीड-छिंदवाडा बाजूला 'बीएनआर', म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे, असेल तर बहुधा १९५२ च्या आधीचं. १९५२ ते १९५५ एवढीच तीन वर्षं ही लाइन पूर्व रेल्वेत होती, तेव्हा 'ईआर' दिसलं तर तुमच्या हाती दुर्मिळ वस्तू आहे. १ ऑगस्ट १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वे, आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. वर्धा किंवा काटोलकडच्या तिकिटावर 'जीआयपी' असेल तर ते १९५१ च्या आधीचं धरा, कारण त्या वर्षी मध्य रेल्वे झाली.

यात एक खबरदारी आहे. लहान हॉल्टवर तिकिटं हळू खपायची, म्हणून जुन्या नावाचा साठा नवीन काळातही वापरला गेलेला असू शकतो. छपाईचा काळ आणि प्रवासाचा काळ एकच असेल असं नाही. दाबलेली तारीख वाचता आली तर तीच खरी.

९. प्रत्यक्ष जागेवर काय शिल्लक राहतं?

पाटीचे खांब. लहान थांब्यांच्या पाट्या पुष्कळदा जुन्या रुळाच्या तुकड्यांवर उभ्या केलेल्या असायच्या. पाटी जाते, तुकडे राहतात, कारण ते खोल गाडलेले असतात. आजोळच्या हॉल्टचे असे दोन तुकडे आहेत, एक सरळ आणि एक वाकलेला. वाकलेल्याला आता कुणीतरी बैल बांधतं. शेजारी कडुनिंब आहे, त्याच्या बुंध्याभोवती दगडांचा ओटा. गाडीची वाट पाहायची जागा तीच होती. मुरमाची पट्टीही ओळखता येते. आजूबाजूला काळी माती आणि मध्येच लांबट, लालसर, कमी गवताचा पट्टा दिसला तर थांबून नीट बघा.

ब्रॉडगेजच्या कामात भराव रुंद होतो आणि हे सगळं त्याखाली जातं. जिथे काम व्हायचं आहे तिथे आधी जाऊन फोटो काढा. चालू लाइनीवर मात्र पाय ठेवू नका. विनापरवाना रुळांवर जाणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच. पांदणीवरून, धुऱ्यावरून जेवढं दिसतं तेवढं पुरतं.

१०. गाडी रोज थांबायची हे दहा माणसं सांगतात, पण कागदावर हॉल्ट कुठेच नाही. असं कसं?

असं होतं, आणि दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. गाडी थांबण्याची कारणं पुष्कळ असायची. वाफेच्या इंजिनाला पाणी घ्यायचं असेल, सिग्नल मिळालेला नसेल, गँगमनचं सामान उतरवायचं असेल. विदर्भातल्या शकुंतलेच्या, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेजच्या, लाइनीवर काही फाटकांपाशी गाडीच थांबायची, कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडून पुन्हा चढायचा. अशा ठिकाणी लोक चढ-उतार करणारच. पण ते हॉल्ट नव्हेत.

ओळखायची खूण तिकीट. त्या ठिकाणच्या नावाचं तिकीट कधी मिळत होतं का? 'पुढच्या स्टेशनचंच तिकीट काढायचो' असं सगळे सांगत असतील, तर तो कामापुरता थांबा होता. अशी नोंद 'अनधिकृत चढ-उताराची जागा' म्हणून जरूर ठेवा. गावाच्या दृष्टीने तिचं मोल हॉल्टएवढंच आहे.

११. आमच्याकडे आधी पूर्ण स्टेशन होतं, मग हॉल्ट झाला, मग काहीच नाही. सुरुवात कोणती धरायची?

दोन्ही तारखा द्या. ब्लॉक स्टेशनचा दर्जा काढून हॉल्ट करणं ही नेहमीची गोष्ट आहे. क्रॉसिंगची गरज संपली की लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला उभी करायची लाइन, उपटतात, मास्तर जातो, थांबा राहतो. हॉल्ट म्हणून आयुष्य तीन वर्षांचं आणि थांबा म्हणून साठ वर्षांचं, असं असू शकतं. अशा जागेला अल्पायुषी म्हणणं चूक ठरेल. जागेवर जुन्या लूपची रुंद मोकळी पट्टी आणि मास्तरच्या क्वार्टरचं जोतं दिसलं तर हाच प्रकार समजा.

१२. फक्त जत्रेपुरती गाडी थांबायची, तो हॉल्ट धरायचा का?

नाही, तो तात्पुरता थांबा. जत्रा, उरूस, मोठी सभा यांसाठी असे थांबे दिले जातात आणि ते वेळापत्रकात न येता वेगळ्या सूचनेने जाहीर होतात. पण दरवर्षी, ओळीने पुष्कळ वर्षं थांबा मिळत असेल तर नोंद घ्या. काही गावांनी याच आधारावर पुढे कायम थांबा मागितलेला असतो.

१३. नॅरोगेज गेली, ब्रॉडगेज आली, मग आमचा हॉल्ट परत का नाही आला?

छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस थांबली आणि २०२२ मध्ये इतवारी-छिंदवाडा ब्रॉडगेजवर गाडी सुरू झाली. नागभीडची नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. गेज बदलताना जुनीच लाइन रुंद होते असा समज आहे, पण प्रत्यक्षात जवळजवळ नवी लाइन होते. वळणं सरळ होतात, पूल बदलतात, फाटकांच्या जागी भुयारी रस्ते येतात. जुना हॉल्ट होता ती जागा कधी नव्या लाइनीवर राहतच नाही.

दुसरी अडचण उंचीची. ब्रॉडगेज डब्याचा तळ रुळापासून चार फुटांच्या आसपास उंच असतो. उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटरचा, मध्यम ४५५ मिलिमीटरचा. मुरमाच्या ओट्यावरून टोपली घेऊन चढणं म्हाताऱ्या बाईला जमणार नाही. त्यामुळे ब्रॉडगेजवर हॉल्ट म्हणजे लांब, बांधीव फलाट, आणि त्याचा खर्च आला की पुन्हा उत्पन्नाचा प्रश्न आला. मला स्वतःला वाटतं की गेज बदलताना जुन्या प्रत्येक थांब्याचा हिशेब गावासमोर मांडायला हवा होता: कोणता राहणार, कोणता जाणार आणि का. माझ्या आजोळच्या लोकांना त्यांचा थांबा गेल्याचं काम सुरू झाल्यावर कळलं.

१४. बंद झाल्याची तारीख कोणती? प्रत्येक जण वेगळी सांगतो.

कारण तारखा तीन असतात. शेवटची गाडी थांबली तो दिवस, वेळापत्रकातून नाव गेलं ते वर्ष आणि कागदोपत्री बंद झाल्याची तारीख. गावाला पहिली आठवते, वाचनालयात दुसरी सापडते, रेल्वेकडे तिसरी. मी तिन्ही रकाने ठेवते आणि जो भरता येत नाही तो रिकामा सोडते.

यात २०२०चं वर्ष विशेष त्रासाचं आहे. मार्च २०२० मध्ये देशभरच्या पॅसेंजर गाड्या थांबल्या आणि नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या तेव्हा कित्येक लहान थांबे गळलेले होते. तिथे शेवटची गाडी थांबल्याचा दिवस पक्का सांगता येतो, बंद केल्याचा हुकूम मात्र वेगळा शोधावा लागतो. नागभीड लाइनीवरच्या थांब्यांना हे लागू नाही, ते आधीच थांबले होते (प्रश्न १३).

१५. हॉल्टची जुनी पाटी शेतात पडली होती, ती घरी आणून ठेवली. चालेल का?

नाही. थांबा बंद झाला तरी पाटी, रूळ, खिळा, सगळं रेल्वेच्या मालकीचंच राहतं. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. तुमचा हेतू जपण्याचा असला तरी अडचण येऊ शकते. जवळच्या स्टेशनला लेखी कळवा आणि पोच घ्या. नागपुरात मोतीबागेला २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे; वस्तू तिथे जावी अशी विनंती त्याच पत्रात करा. देण्याआधी पाटीचा मापांसह फोटो काढून ठेवा: अक्षरांची उंची, भाषांचा क्रम, खालच्या रंगाचे जुने थर. थरांखाली आधीचं नाव निघालेलं मी पाहिलं आहे.

तिकिटाचं तसं नाही. प्रवाशाकडे राहून गेलेलं जुनं तिकीट जपायला हरकत नाही.

१६. आम्हाला हॉल्ट पुन्हा हवा आहे. जुन्या इतिहासाचा काही उपयोग होतो का?

होतो, पण तेवढ्यावर भागत नाही. अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे, ग्रामपंचायतीच्या ठरावासह करा आणि प्रत खासदारांना द्या. पूर्वी थांबा होता याचे पुरावे जोडा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आज किती माणसं कुठे जातात ते गावाने स्वतः मोजून द्या: विद्यार्थी, कामगार, दवाखान्याचे रुग्ण, भाजी नेणाऱ्या बाया, प्रत्येकाचं ठिकाण आणि वेळ. प्रायोगिक थांबा मिळाला तर त्या महिन्यांत प्रत्येकाने त्याच थांब्याचं तिकीट काढलं पाहिजे. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१७. जुन्या माणसांना काय विचारावं? ते साल सांगू शकत नाहीत.

साल विचारूच नका. 'हॉल्ट होता तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? मोठी मुलगी झाली होती का? दुष्काळाच्या आधी की नंतर? गावात वीज आली होती का?' असं विचारा. बाहत्तरचा दुष्काळ आणि आणीबाणी या दोन खुंट्यांना बहुतेक आठवणी टांगता येतात. इंजिन वाफेचं होतं की डिझेलचं, हेही विचारा. ते सगळ्यांना आठवतं, कारण कोळशाचे कण डोळ्यांत जायचे.

बायकांना वेगळं, शांतपणे विचारा. पुरुष मंडळी अर्ज, पुढारी, उद्घाटन सांगतात. बाया सांगतात की गाडी पुलावर आल्याचा आवाज आला की भाकरी तव्यावरून उतरवायची, कारण तेवढ्या वेळात हॉल्ट गाठता येतो. यातून पुलाचं अंतर, गाडीची वेळ आणि गावातून हॉल्टची वाट, तिन्ही निघतात.

कुही, भिवापूर, पवनी या तालुक्यांतली काही गावं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठली. तिथली माणसं आता पुनर्वसन वसाहतींत आहेत. जुन्या जागी कोणी भेटलं नाही म्हणून परत फिरू नका, वसाहतीत जा.

१८. एकच पुरावा हाती आहे. लिहायचं की थांबायचं?

लिहा, पण तो एकच आहे हेही लिहा. मी 'हॉल्ट होता' असं पक्कं तेव्हाच म्हणते, जेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे जुळतात, उदाहरणार्थ टोपोशीट आणि तिकीट, किंवा जनगणनेचा रकाना आणि दोन वेगळ्या घरांतल्या आठवणी. एकाच घरातल्या चार जणांनी सांगितलेलं हा एकच पुरावा धरायचा.

आजोळच्या हॉल्टचं माझ्याकडे सध्या असं आहे: सुपारीच्या डबीतलं तिकीट, कडुनिंबाजवळचे रुळाचे दोन तुकडे, मावशीचं आणि तिच्या शेजारणीचं वेगवेगळ्या दिवशी घेतलेलं सांगणं. सुरू झाल्याचा रकाना रिकामा आहे. पुढच्या आठवड्यात मावशीला घेऊन जुन्या पांदणीने पुन्हा जायचं ठरलं आहे. खिडकी नेमकी कुठे होती, ते तिला जागेवर उभं राहून दाखवायचं आहे.